दोनच वेळा हात उचलला, मग तो छळ नव्हता का?

प्रश्न एका ३६ वर्षांच्या आईने विचारला आहे. त्या नोकरी करतात. मुलगा ८ वर्षांचा आणि मुलगी ४ वर्षांची आहे. सात महिन्यांपूर्वी त्या पुण्यातील घर सोडून मुलांसह नाशिकला भावाकडे आल्या आणि आता घटस्फोटाचा अर्ज दाखल झाला आहे. अकरा वर्षांच्या संसारात नवऱ्याने दोन वेळा हात उचलला; दुसऱ्या वेळी गळा धरला. एरवी मारहाण नव्हती, पण पगार त्यांच्या हाती राहत नव्हता, माहेरचा फोन स्पीकरवर घ्यावा लागे, ऑफिसमधून निघाल्यावर मोबाइलवर लोकेशन चालू ठेवावे लागे आणि उशीर झाला तर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत उलटतपासणी चाले. वकील म्हणतात, दोन प्रसंगांवर काही उभे राहत नाही. त्यांची स्वतःची आई म्हणते, पीत नाही, मारत नाही, मग बिघडले कुठे? समुपदेशनासाठी दोघांना एकत्र बसण्याची तारीख मिळाली आहे. नवरा रोज मुलाला व्हिडिओ कॉल करून घरी कोण आले, आई किती वाजता परतली, असे विचारतो. याला हिंसा म्हणायचे का, आणि हे सगळे न्यायालयात मांडले तर मुले हातची जातील का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. होय, ही हिंसा आहे. ती अकरा वर्षे अखंड चालू होती आणि मारहाणीचे दोन प्रसंग हा तिचा एक भाग होता. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे आणि तो सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू होतो. त्याच्या कलम ३ मध्ये शारीरिक आणि लैंगिक छळाबरोबरच शाब्दिक व भावनिक छळ आणि आर्थिक छळ हेही स्वतंत्रपणे नोंदले आहेत. त्याच कलमाच्या शेवटी एक स्पष्टीकरण आहे, ज्याकडे घाईगडबडीत अर्ज तयार करताना अनेकदा दुर्लक्ष होते: एखादे वर्तन हिंसाचार ठरते का, हे पाहताना प्रकरणातील सर्व तथ्ये आणि परिस्थिती एकत्रितपणे विचारात घ्यावी. गेली बावीस वर्षे मी या क्षेत्रात समुपदेशनाचे काम करते आहे, आणि तुमच्यासारख्या प्रकरणात या एका वाक्याइतके उपयोगी वाक्य मला दुसऱ्या कोणत्याही कायद्यात आढळलेले नाही. न्यायालयाने सुटे प्रसंग मोजू नयेत, त्यांना जोडणारा धागा पाहावा, असे म्हणण्याचा अधिकार ते तुम्हाला देते.

या धाग्याला मी धाकाचे नियंत्रण म्हणते. अमेरिकी अभ्यासक इव्हान स्टार्क यांनी २००७ मध्ये ही कल्पना सविस्तर मांडली. त्यांचे म्हणणे असे की अशा नात्यात स्त्रीचे मुख्य नुकसान जखमांचे नसते. तिचे रोजचे लहानलहान निर्णय, म्हणजे कुठे जायचे, कोणाशी बोलायचे, काय खर्च करायचा, केव्हा झोपायचे, हे एकेक करून तिच्या हातून काढून घेतले जातात. त्याआधी १९९५ मध्ये मायकेल जॉन्सन या समाजशास्त्रज्ञाने जोडप्यांमधील हिंसेत फरक करायला शिकवले. भांडण तापून कोणाचा तरी हात उठतो आणि नंतर दोघेही ओशाळतात, ती एक हिंसा. आणि समोरच्याला कायम मुठीत ठेवण्यासाठी वापरली जाते ती वेगळी. पहिलीही समर्थनीय नाही. पण दुसरीत मारहाण क्वचितच करावी लागते, कारण एकदा गळ्यावर हात पडला की पुढे नुसती नजर पुरते. म्हणून ‘किती वेळा मारले’ हा प्रश्न अशा घरासाठी चुकीचा आहे. तुमच्या वकिलांना तोच प्रश्न विचारण्याची सवय असावी, आणि तुमच्या आईंच्या पिढीला तर छळ म्हणजे दारू आणि मार एवढेच शिकवले गेले आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ पासून असे नियंत्रण हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि स्कॉटलंडने २०१८ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा केला. आपल्याकडे या नावाचा गुन्हा नाही. भारतीय न्याय संहितेची कलमे ८५ आणि ८६, म्हणजे पूर्वीचे ४९८-अ, क्रूरतेबद्दल बोलतात, पण तिथे स्त्रीला आत्महत्येकडे ढकलणारे किंवा तिच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला गंभीर इजा करणारे वर्तन किंवा पैशांच्या मागणीसाठीचा छळ दाखवावा लागतो. त्यामुळे तुमच्यासाठी २००५ चा कायदा हेच अधिक जवळचे दार आहे असे माझे मत आहे. तो मुख्यतः दिवाणी स्वरूपाचा दिलासा देतो; नवऱ्याला शिक्षा करण्यापेक्षा तुमचे आणि मुलांचे संरक्षण हा त्याचा हेतू आहे.

इलिनॉय विद्यापीठातील जेनिफर हार्डेस्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घटस्फोटाच्या प्रक्रियेतून जाणाऱ्या मातांच्या मुलाखतींवर बरीच वर्षे काम केले आहे. त्यांत अंगाला हात न लागताही सतत दहशतीत जगलेल्या मातांची कथने आहेत, आणि घर सोडल्यावरही ते नियंत्रण थांबले नाही असे त्या सांगतात. हे अमेरिकेतील काम असले तरी वाचताना मला समोरच्या खुर्चीत बसून गेलेल्या कितीतरी जणी आठवल्या. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही नवऱ्याच्या नियंत्रणाविषयी सहा प्रश्न असतात: तो परपुरुषाशी बोलल्यावर संशय घेतो का, चारित्र्यावर आरोप करतो का, मैत्रिणींना भेटू देत नाही का, माहेरचा संबंध मर्यादित ठेवतो का, कुठे आहेस हे सतत विचारतो का, पैशांच्या बाबतीत विश्वास ठेवत नाही का. तुमच्या पत्रात या सहापैकी चारांची उत्तरे मला सहज मिळाली. २०१९-२१ च्या सर्वेक्षणानुसार देशातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली होती. आणि शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कोणाकडे तरी मदत मागणाऱ्या जेमतेम १४ टक्के होत्या. तुम्ही त्या मोजक्या जणींत आहात.

आता जे सांगणार आहे ते तुम्ही लक्षपूर्वक वाचावे अशी विनंती आहे. तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात की दुसऱ्या वेळी त्याने गळा धरला. माझ्या दृष्टीने तुमच्या संपूर्ण पत्रातील सर्वांत गंभीर ओळ तीच आहे. जिवाच्या धोक्याचा अंदाज घेण्यासाठी अमेरिकेतील परिचारिका-संशोधक जॅक्लिन कॅम्बेल यांनी तयार केलेली प्रश्नावली जगभर वापरली जाते, आणि गळा दाबणे, शस्त्र दाखवणे, ठार मारण्याची धमकी, पाठलाग, आत्महत्येची धमकी, टोकाचा मत्सर आणि नुकतेच झालेले वेगळे होणे हे त्यातील महत्त्वाचे घटक आहेत. गळा दाबल्यावर अनेकदा बाहेर वळ दिसत नाही, त्यामुळे घरचे आणि पोलीसही तो प्रसंग किरकोळ समजतात. स्त्री घर सोडते तेव्हा धोका संपला असे आपण मानतो. प्रत्यक्षात नियंत्रण हातून सुटते आहे हे नवऱ्याला कळते तो हाच काळ असतो. मार्था महोनी या कायद्याच्या अभ्यासिकेने १९९१ मध्येच वेगळे होण्याच्या टप्प्यावर होणाऱ्या हल्ल्यांना स्वतंत्र नाव दिले, ते स्त्रीला जाण्यापासून रोखण्यासाठी किंवा परत आणण्यासाठी असतात हे ठळकपणे दिसावे म्हणून. वर सांगितलेल्या धोक्याच्या घटकांपैकी आणखी काही तुमच्या बाबतीत घडले असेल, तर ते वकिलांना, संरक्षण अधिकाऱ्यांना (२००५ च्या कायद्याखाली सरकारने नेमलेले अधिकारी) आणि भावाला आजच सांगा, आणि न्यायालयाच्या तारखेला एकट्या जाऊ-येऊ नका.

घर सोडल्यानंतर नियंत्रण वाटा बदलते. तुमच्या बाबतीत ते मुलाच्या व्हिडिओ कॉलमधून येऊ लागले आहे. इतरांच्या बाबतीत ते शाळेची फी अचानक थांबवण्यातून येते, ऑफिसच्या दारात येऊन उभे राहण्यातून येते, वहिनीला फोन करून ‘तिला किती दिवस पोसणार’ असे विचारण्यातून येते, किंवा पुढच्या तारखेला गैरहजर राहून प्रकरण लांबवण्यातून येते. आपल्याकडे आणखी एक खास वाट आहे: ‘मी नांदवायला तयार आहे’ ही नोटीस. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली वैवाहिक हक्कांच्या पुनर्स्थापनेचा दावा लावला जातो, आणि नोटीस हातात पडल्यावर पुष्कळ बायका पोलीस येऊन आपल्याला घेऊन जातील या भीतीने कोसळतात. तसे होत नाही. १८८७ मध्ये मुंबईत रखमाबाईंना नवऱ्याकडे जा किंवा सहा महिने तुरुंगात जा असे सांगितले गेले होते, आणि त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली होती. आज असा हुकूमनामा झाला तरी त्यासाठी कोणत्याही स्त्रीला तुरुंगात टाकता येत नाही किंवा बळाने नेता येत नाही. मात्र अशी नोटीस आली तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. न राहण्याचे सबळ कारण लेखी उत्तरात मांडा, कारण हुकूमनाम्यानंतर वर्षभर एकत्र न राहणे हे घटस्फोटाचे कारण ठरू शकते. सबळ कारण असेल तर असा हुकूमनामा न पाळणाऱ्या पत्नीलाही पोटगी मिळू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे.

कागदांबद्दल थोडे विस्ताराने सांगते, कारण अशी प्रकरणे बहुधा इथेच कमजोर पडतात. अर्जात लिहिलेले असते, ‘सामनेवाला अर्जदाराचा मानसिक व शारीरिक छळ करीत असे’. हे वाक्य न्यायाधीशांनी त्या दिवशी आणखी दहा अर्जांत वाचलेले असते आणि त्यातून त्यांना तुमचे घर दिसत नाही. त्याऐवजी असे लिहा: ‘माझा पगार दर महिन्याला माझ्या खात्यात जमा होत असे, त्या खात्याला नवऱ्याचा मोबाइल क्रमांक जोडलेला असल्यामुळे ओटीपी त्याच्याकडे जात असे, मला रोज रिक्षासाठी ठरावीक रक्कम मिळे आणि रात्री तिचा हिशेब द्यावा लागे.’ त्यापुढे बँकेचे उतारे जोडा. ‘संशय घेत असे’ असे लिहिण्यापेक्षा अमुक तारखेला मी २० मिनिटे उशिरा पोहोचले, त्याने ऑफिसमधील सहकाऱ्याला फोन करून विचारले, त्या रात्री मला झोपू दिले नाही आणि दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली, असे लिहा. रजेची नोंद ऑफिसमध्ये असते. एका वहीत आधी वर्षे लिहा, मग त्या वर्षातील घटना, मुलांचा जन्म, घर बदलणे, नोकरी यांच्या आधाराने आठवतील तशा भरा. विशेषणे टाळा. प्रत्येक घटनेनंतर एकच जादा ओळ लिहा: हे घडल्यावर मी काय करणे सोडून दिले? मैत्रिणीकडे जाणे सोडले, बढतीची परीक्षा दिली नाही, दिवाळीला माहेरी गेले नाही. नियंत्रण सिद्ध करण्यासाठी यासारखा पुरावा नाही, कारण त्यात धाकाचा परिणाम दिसतो.

गळा धरला त्या प्रसंगाचे दवाखान्याचे कागद असतील तर ते मिळवा. नसतील तर त्या दिवशी कोणाला सांगितले, कोणाला मेसेज केला, आवाज बसला होता का, गिळताना त्रास झाला का, हे लिहून ठेवा. मेसेज आणि रेकॉर्डिंग मूळ मोबाइलमध्येच जपा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते. ते आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असते, आणि त्याची आवश्यकता सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये महाराष्ट्रातीलच अर्जुन पंडितराव खोतकर यांच्या निवडणूक प्रकरणात अधोरेखित केली होती. पती-पत्नीमधील गुपचूप केलेले रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून घेता येते, असा निर्णय जुलै २०२५ मध्ये झाला आहे. पण तो दुधारी आहे. तुम्हीही रेकॉर्ड होत आहात असे धरून प्रत्येक फोनवर बोला.

मोबाइलचा विषय निघाला म्हणून सांगते. लोकेशन तुम्ही बंद केले असेल, पण मुलाच्या टॅबमध्ये जुने खाते चालू आहे का ते पाहा. बँक, आधार आणि ईमेलला कोणता मोबाइल क्रमांक जोडलेला आहे ते तपासा आणि पगारासाठी दुसऱ्या बँकेत नवे खाते उघडा. जुना मोबाइल त्यानेच घेऊन दिलेला असेल, तर वकिलांशी आणि माझ्यासारख्या व्यक्तीशी बोलताना दुसरा मोबाइल वापरा. सगळे एकाच दिवशी बंद केले तर ते त्याच्या लगेच लक्षात येते, म्हणून आधी सुरक्षिततेची व्यवस्था करा आणि मग एकेक दोर कापा.

अर्ज कुठे करायचा, याचे उत्तर सोपे आहे. २००५ च्या कायद्याखाली तुम्ही तात्पुरत्या राहता तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो, म्हणजे नाशिकलाच. संरक्षण अधिकारी कौटुंबिक घटना अहवाल, म्हणजे घडलेल्या हिंसेची अधिकृत नोंद, तयार करण्यास मदत करतात; तो असणे चांगले, पण त्याच्यावाचून अर्ज अडत नाही, हे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. कलम १८ खाली तुमच्याशी प्रत्यक्ष, फोनवर किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने संपर्क साधण्यास, नोकरीच्या जागी येण्यास आणि तुम्हाला आधार देणाऱ्या नातेवाइकांना त्रास देण्यास मनाई मागता येते. तुमच्या भावासाठी आणि वहिनीसाठी हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. तातडी असेल तर कलम २३ खाली प्रतिज्ञापत्रावर अंतरिम आदेश मिळू शकतो. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कलम २६ मुळे हाच दिलासा घटस्फोटाच्या दाव्यातही मागता येतो. कायद्यात साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न करावा असे म्हटले आहे; प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून अंतरिम आदेशावर भर द्या. वकिलांचा खर्च परवडत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळतो.

आता एकत्र बसण्याची तारीख. कौटुंबिक न्यायालयाने समेटाचा प्रयत्न करावा, हे १९८४ च्या कायद्यातच आहे आणि बहुतेक जोडप्यांसाठी ते हिताचे असते. परंतु ज्या नात्यात एका नजरेने दुसऱ्याची जीभ अडखळते, तिथे एकाच खोलीत समोरासमोर बसून मोकळी तडजोड होऊ शकत नाही. मी अशा बैठका पाहिल्या आहेत: तो शांत, नम्र, मुद्देसूद बोलतो आणि ती रडते किंवा चिडते, आणि खोलीतील प्रत्येकाला वाटते की अडचण हिचीच आहे. म्हणून आधीच लेखी विनंती करा की बैठका स्वतंत्रपणे घ्याव्यात, येण्याच्या आणि निघण्याच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात, आणि गळा धरल्याचा प्रसंग त्या अर्जात एका वाक्यात नमूद करा. समुपदेशक मंडळी हे बहुधा ऐकतात. त्यांना आधी माहीत नसते हीच खरी अडचण असते. २००५ च्या कायद्याखालील समुपदेशनासाठी तर २००६ च्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे की हिंसेच्या कृत्याचे समर्थन सामनेवाल्याला समुपदेशनात मांडू देऊ नये. ‘ती उलट बोलली म्हणून’ हे वाक्य तिथे चालत नाही.

तुम्ही पत्रात संकोचाने लिहिले आहे की तुम्हीही ओरडलात आणि एकदा त्याचा मोबाइल फेकलात. ते लपवू नका. तो प्रसंग तो मांडणारच आहे, तेव्हा तुम्ही आधी मांडलेला बरा. अकरा वर्षांच्या कोंडीत माणूस कधीतरी फुटते. त्या दिवशी कोण कोणाला घाबरत होते, आणि मोबाइल फुटल्यानंतर कोणाचे बाहेर जाणे बंद झाले, हे तुम्ही शांतपणे सांगू शकलात तर दोन्ही बाजू सारख्या नव्हत्या हे आपोआप दिसेल.

परस्पर संमतीने घटस्फोट घ्यावा का, याबद्दल माझा विरोध नाही. अनेक जणींसाठी तो लवकर सुटण्याचा मार्ग ठरतो. त्यासाठी कराव्या लागणाऱ्या दोन अर्जांमधील सहा महिन्यांचा काळ योग्य कारण असल्यास माफ होऊ शकतो, हे २०१७ पासून मान्य आहे. पण ‘पोटगी सोड, मग मुले देतो’ हा सौदा मला फार वेळा दिसतो आणि तो मान्य करू नये असे माझे ठाम मत आहे. मुलांच्या खर्चाचा हक्क मुलांचा आहे. तुमच्या सुटकेची किंमत म्हणून तो देऊ नका. संमती दबावाखाली घेतलेली नाही याची खात्री न्यायालयाने करायची असते, आणि हुकूमनामा होण्यापूर्वी ती मागे घेता येते. उत्पन्नाबाबत दोघांनीही मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यायचे, हे २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालाने ठरवून दिले आहे. तुमचा पगार इतकी वर्षे कुठे गेला, हे विचारण्याची ती जागा आहे. स्त्रीधनाची यादीही तेव्हाच द्या.

मुले हातची जातील का? छळ मांडला म्हणून ताबा जात नाही. मुलांच्या ताब्यात त्यांचे हित सर्वोच्च मानले जाते आणि पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे असे १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व (म्हणजे सज्ञान नसणे) व पालकत्व कायद्यात म्हटले आहे, त्यामुळे मुलीबाबत तुमची बाजू आज बळकट आहे. मुलाबाबत न्यायालय त्याची शाळा, दिनक्रम, भावंडांची जवळीक हे पाहील. धोका दुसरीकडे आहे: तुम्ही रागाने किंवा भीतीने आदेशाशिवाय भेटी पूर्ण बंद केल्यात तर ‘आई मुलांना तोडते’ हा आरोप चिकटतो आणि मग तुमचे खरे म्हणणेही संशयाने ऐकले जाते. म्हणून भेटी नाकारण्याऐवजी त्या सुरक्षित करून मागा. २००५ च्या कायद्याचे कलम २१ तात्पुरता ताबा देते आणि भेट मुलासाठी हानिकारक ठरणार असेल तर ती नाकारण्याचा अधिकारही दंडाधिकाऱ्यांना देते. माझ्या अनुभवात मोघम आदेश सर्वांत घातक असतो. ‘वडिलांना सोयीनुसार भेटू द्यावे’ या वाक्यातील सोय नेहमी त्याचीच ठरते. वार, वेळ, जागा, मुलांची ने-आण कोण करील, उशीर झाला तर किती वेळ थांबायचे, हे सगळे लिहून मागा. सुरुवातीच्या भेटी न्यायालयाच्या आवारातील मुलांच्या खोलीत व्हाव्यात, पोहोचवायला भाऊ किंवा वहिनी जावी, तुम्ही समोर येऊ नये. व्हिडिओ कॉल आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या अर्ध्या तासात असावा, आणि तुमच्याशी बोलायचे असेल ते फक्त ईमेलने, फक्त मुलांबद्दल. शाळेत मुलांना कोणाकडे सोपवायचे याची लेखी सूचना आजच देऊन ठेवा, आणि आदेश मिळाला की त्याची प्रतही द्या.

अडचण आली तर थांबू नका: तातडीसाठी ११२, महिला हेल्पलाइन १८१, मुलांसाठी १०९८. जिल्ह्यातील सखी केंद्र (हिंसा सोसलेल्या स्त्रियांसाठीचे सरकारी मदत केंद्र) आणि पोलिसांकडील महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष इथे समाजकार्यकर्त्या भेटतात. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेल्या कामातून हे कक्ष वाढले आहेत. मुंबईत कोणी असेल तर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातून सुरू झालेले दिलासा केंद्र आहे. दवाखान्यात जाण्याचे निमित्त सांगून बाहेर पडणे अनेकींना शक्य असते, म्हणून तिथले केंद्र मला फार मोलाचे वाटते.

राहिला तुमचा मुलगा. ‘घरी कोण आले’ या प्रश्नाचे उत्तर देताना तो तुमच्याकडे पाहतो, असे तुम्ही लिहिले आहे. त्याला खोटे बोलायला शिकवू नका आणि वडिलांविषयी काही सांगूही नका. आठ वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर दोन्ही घरांचे ओझे टाकायचे नसते. त्याला एवढेच सांगा की मोठ्यांच्या प्रश्नांची उत्तरे द्यायची जबाबदारी मोठ्यांची असते, आणि पप्पांनी असे काही विचारले तर ‘ते आईला विचारा’ म्हणून आपल्या शाळेचे, खेळाचे बोलत राहा. हे वाक्य त्याच्याकडून दोन-तीन वेळा खेळात म्हणवून घ्या. कॉल संपल्यावर काय बोलणे झाले ते त्याला विचारू नका. त्याला खायला द्या, खाली खेळायला पाठवा, आणि तो स्वतःहून काही सांगायला आला तर हातातले काम बाजूला ठेवून ऐका.